घारही बसो, गरुडही बसो : इग्बो माणसांची म्हण आणि त्यांचं ख्रिस्ती होणं

आजचा भाग आपल्याला घेऊन जाणार आहे पश्चिम आफ्रिकेत, नायजेरियाच्या आग्नेय भागात, इग्बो लोकांच्या घरात. आणि घरात गेलो की पहिली गोष्ट काय होते? पाहुणचार.

आपल्याकडे पानसुपारीचं तबक पुढे येतं ना, तसं तिकडे येतं कोलाचं फळ. इग्बोत त्याला म्हणतात 'ओजी'. मुठीत मावेल एवढं, कडवट, तुरट. ताटलीत ठेवून ते सगळ्यांना दाखवतात, मग घरातला वडीलधारा माणूस ते हातात घेतो आणि प्रार्थना करतो. पाहुण्याला आयुष्य मागतो, घराला शांती मागतो, पूर्वजांची आठवण काढतो. मग फळ फोडतात. पाकळ्या चार निघाल्या तर मंडळी खूश, कारण इग्बो आठवडा चार दिवसांचा असतो. एके, ओरिये, आफो, न्क्वो हे चार बाजाराचे वार. चारही वार भरले, सगळं जुळून आलं.

आता गंमत ऐका. या प्रार्थनेची एक अट आहे. ती इग्बोतच करायची. पाहुणे इंग्रजी बोलणारे असोत, यजमान लंडनला शिकून आलेला असो, चालणार नाही. "ओजी अनाघी अनू बेके" म्हणतात, म्हणजे कोलाला गोऱ्याची भाषा कळत नाही!

आणि याच प्रार्थनेच्या शेवटी आज बहुतेक घरांत एक वाक्य येतं, "येशूच्या नावानं, आमेन". कारण इग्बो समाज आज बहुसंख्येनं ख्रिस्ती आहे. कॅथलिक, अँग्लिकन, पेंटेकोस्टल, सगळे.

मग प्रश्न पडतो. हातात आजोबांचं फळ, तोंडात येशूचं नाव. हा गोंधळ आहे, तडजोड आहे, की तिसरंच काही? नवा धर्म घेतला की आजीच्या म्हणींचं काय करायचं? फेकायच्या? देव्हाऱ्यात ठेवायच्या? की वापरायच्या? आज याच प्रश्नाचा दीडशे-पावणेदोनशे वर्षांचा प्रवास बघू. आणि सोबत ठेवू एकच म्हण.

एक झाड, दोन पक्षी

ती म्हण अशी, "एग्बे बेरे, उगो बेरे". घारही बसो, गरुडही बसो. झाड एकच आहे, फांदीवर दोघांना जागा होऊ दे. पण म्हण इथे संपत नाही. पुढचा अर्धा भाग कडक आहे. जो दुसऱ्याला "तू बसू नकोस" म्हणेल, त्याचा पंख मोडो.

कोलाच्या प्रार्थनेत ही म्हण हमखास येते. आणि ती त्या समाजाला शोभतेही. कारण इग्बो गावांत बहुतेक ठिकाणी राजा नव्हता. "इग्बोंना राजा नसतो" असं ते स्वतःच सांगतात. ओनित्शासारखे थोडे अपवाद सोडा, पण एरवी कारभार गावसभेचा. वडीलधारे, वेगवेगळ्या मानाच्या पदव्या मिळवलेली माणसं आणि ज्याला बोलता येतं तो प्रत्येक पुरुष. तिथे भांडण सोडवायला पोलीस नव्हते, शब्द होते. म्हणून म्हणीला वजन. आपल्याकडे पंचायतीत एखादा म्हातारा एकच म्हण टाकतो आणि अर्धी बैठक गप्प होते, अगदी तसं.

देवाबद्दलही त्यांची स्वतःची मांडणी होती. सगळ्यांच्या वर 'चुक्वू', मोठा देव. जमिनीची देवी 'आला', नीतिनियमांची राखणदार. आणि प्रत्येक माणसाचा स्वतःचा एक 'ची'. हा ची म्हणजे काय? थोडा नशीब, थोडा पाठीराखा, थोडा आतला देव. माणूस ठामपणे हो म्हणाला की त्याचा ची पण हो म्हणतो, असं इग्बो सांगतात. म्हणजे नशीब आहे, पण हातपाय बांधून ठेवणारं नाही.

ऐकायला किती छान, नाही? पण थांबा. इतिहास सांगायचा तर पूर्ण सांगायला हवा. घार आणि गरुड, दोघंही पक्षी आहेत. ज्याला पक्षीच मानलं नाही, त्याचं काय?

ज्यांना फांदी नव्हती

इग्बो समाजात एक वर्ग होता, 'ओसू'. एखाद्या देवतेला वाहिलेली माणसं. कुणी आपत्तीतून वाचण्यासाठी वाहिला गेला, कुणी स्वतःच देवळाच्या आसऱ्याला पळाला. पण एकदा ओसू झालं की पिढ्यान्‌पिढ्या ओसू. केस कापायचे नाहीत, वस्ती वेगळी, आणि 'दिआला' म्हणजे मुक्त घरातल्या माणसाशी लग्न तर अजिबात नाही. गावसभेत शब्द नाही. मराठी श्रोत्यांना यातला जाच वेगळा समजावून सांगायला नको.

दुसरी गोष्ट, जुळी मुलं. अनेक भागांत जुळं जन्मणं अमंगळ मानत. बाळांना रानात टाकून देत.

तिसरी गोष्ट, गुलामांचा व्यापार. बॉनी आणि कलाबार या किनाऱ्यावरच्या बंदरांतून लाखो माणसं अमेरिकेकडे विकली गेली, त्यांत इग्बो खूप होते. आणि विकणारे सगळे परके नव्हते. आरोचुक्वू नावाच्या गावी एक मोठं दैवत होतं, तिथे न्याय मागायला लोक लांबून येत. दोषी ठरलेल्या माणसाला 'देवानं गिळलं' असं सांगितलं जाई. प्रत्यक्षात त्यांतल्या अनेकांना मागच्या वाटेनं व्यापाऱ्यांना विकलं जात होतं.

म्हणजे म्हण होती. खरी होती. पण तिच्या फांदीवर कोण बसेल हे आधीच ठरलेलं होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण आता नदीतून एक बोट येणार आहे.

१८५७ : नायजर नदीवरची बोट

जुलै १८५७. 'डेस्प्रिंग' नावाची वाफेवरची बोट नायजर नदीतून वर आली आणि ओनित्शाच्या काठाला लागली. तिच्यात इंग्लंडच्या चर्च मिशनरी सोसायटीची माणसं होती. तुमच्या डोळ्यांसमोर आता गोरा, टोपीवाला पाद्री उभा राहिला असेल. पुसून टाका तो! या मोहिमेतले दोन प्रमुख धर्मगुरू काळे होते.

एक सॅम्युअल अजायी क्राउथर. हे योरुबा. १८२१ मध्ये पोरवयात गुलाम म्हणून पकडले गेले, हातोहात विकले गेले, शेवटी पोर्तुगीज जहाजावर चढवले गेले. १८२२ मध्ये ब्रिटिश नौदलानं ते जहाज अडवलं आणि सुटका झालेल्यांना सिएरा लिओनमध्ये फ्रीटाउनला उतरवलं. तिथे ते शिकले, ख्रिस्ती झाले, धर्मगुरू झाले.

दुसरे जॉन क्रिस्टोफर टेलर. जन्म सिएरा लिओनचा, पण आईवडील इग्बो, गुलामीतून सुटलेले. म्हणजे हा माणूस आईवडिलांच्या हिरावलेल्या देशात पहिल्यांदाच पाऊल ठेवत होता. क्राउथर पुढे गेले, टेलर ओनित्शाला राहिले. इग्बो भूमीवरच्या पहिल्या मिशनचा कारभारी एक इग्बो गुलामांचा मुलगा होता.

नाशिकच्या श्रोत्यांनो, इथे एक मिनिट माझ्याकडे लक्ष द्या. शरणपूर रोडवरून रोज जाता ना? ते शरणपूर याच चर्च मिशनरी सोसायटीनं १८५० च्या दशकात वसवलेलं. अरबी समुद्रात पकडलेल्या गुलामांच्या जहाजांवरून सुटलेली पूर्व आफ्रिकेतली मुलं तिथे आणून शिकवली गेली. त्यांतला एक, जेकब वेनराइट. संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टनचं शव लंडनपर्यंत पोचवणाऱ्यांत तो होता, आणि १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या दफनाला तो हजर होता. ही मुलं इग्बो नव्हती, त्यांची वाट वेगळ्या समुद्रातून आली. पण फ्रीटाउन आणि नाशिक ही एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत. आधी बाजारात विकला गेलेला माणूस, आणि मग त्याच्या हातात दिलेलं पुस्तक.

आता सांगा, असा माणूस 'देव सगळ्यांचा बाप आहे' हे वाक्य वाचतो तेव्हा त्याला काय ऐकू येत असेल? त्याच्यासाठी ती शिकवण कागदावरची राहत नाही.

आधी कोण आलं?

ओनित्शाच्या ओबीनं, म्हणजे तिथल्या राजानं, या मंडळींना जागा दिली. पण चर्चमध्ये येऊन बसलं कोण? प्रतिष्ठित लोक लांबून बघत होते. आले ते गुलाम, गरीब, गावानं बाजूला टाकलेले. जुळ्या मुलांच्या आया. आणि पुढे मिशन गावोगाव पसरलं तसे ओसू.

१८८५ मध्ये फ्रेंच कॅथलिक धर्मगुरू जोसेफ लुट्झ आपल्या साथीदारांसह ओनित्शाला पोचले. त्यांनीही सुरुवात तिथूनच केली. गुलामांना पैसे मोजून सोडवायचं, त्यांची वस्ती करायची, आजाऱ्यांची सेवा करायची. गाव म्हणत असणार, 'हा कसला देव, ज्याच्याकडे फक्त टाकलेली माणसं जातात?'

पण हाच तर मुद्दा आहे. ओसूला चर्चच्या बाकावर जागा मिळाली तेव्हा गावाच्या लाडक्या म्हणीची परीक्षा झाली. घारही बसो, गरुडही बसो, असं रोज सकाळी कोला हातात घेऊन म्हणता ना? मग हा बघा, बसलाय. आता काय म्हणता?

चिनुआ आचेबे यांची 'थिंग्ज फॉल अपार्ट' ही कादंबरी १९५८ मध्ये आली. तिच्यात हा प्रसंग आहे. ओसू चर्चमध्ये येतात तेव्हा विरोध करतात ते बाहेरचे नाहीत, आतलेच नवे ख्रिस्ती! आणि त्यांना समजावतो तो धर्मोपदेशक स्वतः इग्बोच असतो. आचेबेंना हे जग घरातून माहीत होतं. त्यांचे वडील आयझाया ओकाफो आचेबे हे चर्चचे धर्मोपदेशकच होते.

पण चर्चच्या फांदीचं काय?

इथे गोष्ट थांबवली असती तर ती प्रचाराची पुस्तिका झाली असती. आता दुसरी बाजू ऐका.

क्राउथर १८६४ मध्ये बिशप झाले, अँग्लिकन चर्चचे पहिले आफ्रिकी बिशप. पुढची पंचवीसेक वर्षं नायजरवरचं मिशन मुख्यतः आफ्रिकी माणसांनी चालवलं. आणि मग १८९० च्या सुमाराला इंग्लंडहून नव्या दमाचे तरुण गोरे मिशनरी आले. त्यांनी क्राउथरच्या सहकाऱ्यांवर ठपके ठेवले, त्यांना कामावरून काढलं, आणि ऐंशीच्या घरातल्या त्या म्हाताऱ्या बिशपचा भर बैठकीत पाणउतारा केला. ३१ डिसेंबर १८९१ ला क्राउथर वारले. त्यांच्या जागी गोरा बिशप नेमला गेला.

बघा, 'तू या फांदीवर बसू नकोस' असं म्हणायला फक्त इग्बो गावालाच येत होतं असं नाही.

मग बंदुका आल्या. १९०१-०२ मध्ये ब्रिटिश फौजेनं आरोचुक्वूवर चढाई केली आणि ते दैवत उद्ध्वस्त केलं. माणसं विकणारं ठिकाण गेलं, याचं दुःख कशाला? पण त्याच वाटेनं कर आले, परकी कचेरी आली, गावसभेच्या डोक्यावर साहेब आला. मिशनचा माणूस आणि साहेब एक नव्हते, हे खरं. पण गावाला दोघं एकाच रस्त्यानं येताना दिसले, हेही खरं.

आणि घरांत काय चाललं होतं? आचेबेंच्या कुटुंबातली एक गोष्ट त्यांनी स्वतः लिहून ठेवलीय. त्यांच्या वडिलांना आजोळच्या एका वडीलधाऱ्यानं वाढवलं. मानाच्या पदव्या मिळवलेला बडा माणूस. पहिल्या मिशनऱ्यांना त्यानं आपल्या अंगणात जागा दिली. पण थोड्या दिवसांनी त्यांना दुसरीकडे जायला सांगितलं. कारण काय? धर्म वाईट म्हणून नाही! त्यांची गाणी फार रडकी होती. शेजारी ऐकतील आणि समजतील, म्हातारा गेला वाटतं!

पुढे तोच पोरगा ख्रिस्ती झाला. म्हाताऱ्यानं अडवलं नाही. पोरानं उलट त्यालाच धर्मात आणायचा प्रयत्न केला, तेव्हा म्हाताऱ्यानं आपल्या तिन्ही पदव्यांच्या खुणांकडे बोट दाखवून विचारलं, की मग यांचं मी काय करू? आयुष्यभर कमावलेला मान कुठे ठेवू? मला वाटतं, धर्म बदलण्याबद्दलचा याहून प्रामाणिक प्रश्न क्वचित विचारला गेला असेल. आणि आचेबेंच्या वडिलांनी तो ऐकून आयुष्यभर त्या माणसाबद्दल आदर ठेवला. दोघांपैकी कुणीही दुसऱ्याचा पंख मोडला नाही.

शाळा भरल्या, आणि बाक पुन्हा वेगळे झाले

१९०२ मध्ये जोसेफ शानाहान नावाचे आयरिश धर्मगुरू आले आणि काही वर्षांत कॅथलिक मिशनची सूत्रं त्यांच्याकडे आली. त्यांनी डाव बदलला. गुलाम विकत घेऊन वस्त्या करण्यापेक्षा गावागावात शाळा काढायच्या. आणि इग्बो गावं तर एकमेकांशी चढाओढ करण्यात पटाईत. शेजारच्या गावात शाळा आहे, आपल्याकडे का नाही? लोकांनी स्वतः जागा दिल्या, भिंती उभ्या केल्या. अँग्लिकन एका टोकाला, कॅथलिक दुसऱ्या टोकाला, अशी शाळांची शर्यत लागली. काही दशकांत समाजाचा मोठा भाग ख्रिस्ती झाला.

आता मुक्त घरांतले, पदव्यावाले, श्रीमंत, सगळे आत आले. आणि सगळे आत आले की काय होतं? बाहेरची उतरंड आत येते. ओसू बाकावर बसू शकत होता, मुलगा शिकून कारकून होऊ शकत होता. पण सोयरीक? नाव काढू नका.

आचेबेंच्याच १९६० च्या 'नो लाँगर ॲट ईझ' मध्ये याची कळ आहे. ओबी नावाचा तरुण, इंग्लंडला शिकून आलेला. त्याचं प्रेम क्लारावर, जी ओसू घरातली. ओबीचे वडील जुने, निष्ठावान ख्रिस्ती. तरुणपणी येशूसाठी स्वतःच्या बापाचं घर सोडलेला हा माणूस. पण मुलगा लग्नाचं म्हणतो तेव्हा हा बाप मागे सरतो, आणि आई तर म्हणते, मी जिवंत असेपर्यंत नाही. प्रार्थना करणारं, बायबल वाचणारं घर. तरी नाही!

१९५६ मध्ये पूर्व नायजेरियाच्या विधिमंडळानं ओसू पद्धत कायद्यानं बंद केली. कायदा झाला, ते बरंच झालं. पण आजही लग्न ठरताना मुलीच्या किंवा मुलाच्या गावी जाऊन गुपचूप चौकशी होते. 'घराणं कसं आहे?' या तीन शब्दांमागे काय विचारलंय हे विचारणाऱ्याला कळतं आणि सांगणाऱ्यालाही.

म्हणजे शिकवण काय सांगते हा एक भाग झाला. घरात सोयरीक कुणाशी होते, हा दुसरा. धर्म जगला जातो तो या दुसऱ्या भागात.

उपाशी रात्रींची विमानं

आता १९६७. आग्नेय नायजेरियानं बियाफ्रा नावानं वेगळं राष्ट्र जाहीर केलं. यादवी युद्ध पेटलं, बियाफ्राची नाकेबंदी झाली. मुलं भुकेनं मेली, एकदोन नाही, प्रचंड संख्येनं. जगानं भुकेचे ते फोटो पाहिले.

तेव्हा काय झालं ऐका. उली नावाच्या ठिकाणी रस्त्याचाच एक पट्टा धावपट्टी म्हणून वापरात आणला. साओ टोमे बेटावरून रात्रीच्या अंधारात विमानं यायची, धान्य आणि औषधं घेऊन. खाली दिवे क्षणभर लागायचे, विमान टेकलं की विझायचे. ही मदत उभी केली कॅथलिक आणि प्रोटेस्टंट चर्चच्या संघटनांनी, एकत्र येऊन. ५,००० पेक्षा जास्त फेऱ्या झाल्या. काही वैमानिक आणि मदतनीस त्यात जिवानिशी गेले. ज्या गावांत या दोन चर्चनी शाळांसाठी एकमेकांशी उभा दावा मांडला होता, त्याच भूमीत त्यांची पोती एका विमानातून उतरली. या मदतीमुळे युद्ध लांबलं का, यावर आजही वाद आहेत, आणि ते वाद खोटे नाहीत. पण ज्या पोराच्या तोंडात घास पडला, त्याच्यापुढे घार-गरुड हिशेब करत बसले नाहीत.

जानेवारी १९७० मध्ये युद्ध संपलं. बियाफ्राच्या बाजूच्या माणसांची बँकेत कितीही शिल्लक असो, हातात बहुतेकांना सरसकट २० पौंड मिळाले. हजारोंनी कमावलेला आणि शेकड्यांनी कमावलेला, दोघं एका रेषेवर. शून्यापासून सुरुवात.

या काळात एक दुसरी म्हण कामाला आली, "ओन्ये अघाला न्वान्ने या". कुणी आपल्या भावंडाला मागे टाकून जाऊ नये. आणि तिचं रोजच्या व्यवहारातलं रूप म्हणजे 'इग्बा बोई'. एखादा व्यापारी गावाकडचा मुलगा आपल्या दुकानात ठेवून घेतो. मुलगा पाच-सात वर्षं राबतो, धंदा शिकतो, पगार नाही. मुदत संपली की मालकानं त्याला भांडवल देऊन वेगळं दुकान थाटून द्यायचं. मग तो मुलगा पुढे दुसऱ्याला ठेवून घेणार. बँक नाही, तारण नाही. युद्धातून उद्ध्वस्त झालेला समाज पुन्हा बाजारात उभा राहिला, त्यात या पद्धतीचा वाटा मोठा आहे.

इथेही गुळगुळीत करून सांगत नाही. मुदत संपत आली की पोरावर चोरीचा आळ घालून हाकलणारे मालकही असतात. रविवारी पुढच्या बाकावर बसणारेसुद्धा. पण मग त्यांना टोकायला समाजाकडे दोन काठ्या आहेत. एक म्हणते, भावंडाला मागे टाकू नकोस. दुसरी काठी चर्चची, मजुराची मजुरी बुडवू नकोस म्हणणारी. एकीतून निसटलास तर दुसरी लागते.

कोलाला कळणारी भाषा

आता पुन्हा त्या कोलाच्या अटीकडे येऊ. कारण भाषेचा प्रश्न सगळ्यात चिवट निघाला.

सुरुवातीचं लिखाण झालं ते फ्रीटाउनच्या सुटका झालेल्या लोकांच्या मिश्र इग्बोत. ओनित्शाच्या लोकांना ती आपली वाटेना. मग टॉमस डेनिस नावाच्या अँग्लिकन मिशनऱ्यानं वेगवेगळ्या बोली एकत्र करून 'युनियन इग्बो' तयार केली आणि १९१३ मध्ये त्या भाषेत बायबल आलं. सगळ्यांना चालेल अशी भाषा! अडचण एवढीच की ती कुणाच्याच आईची भाषा नव्हती. कॅथलिक प्रार्थना तर दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत, म्हणजे १९६० च्या दशकापर्यंत, लॅटिनमध्ये.

पण लोकांनी एक वाट कधीच सोडली नव्हती, मुलांची नावं. इग्बो नाव म्हणजे छोटी प्रार्थनाच. चुक्वुएमेका, देवानं मोठं केलंय. न्किरुका, पुढे आहे ते अधिक मोठं. चिनेडू, ची वाट दाखवतो. आता गंमत बघा, हा 'ची' म्हणजे मूळचा प्रत्येकाचा आपापला पाठीराखा. ख्रिस्ती घरांनी तो शब्द तसाच ठेवला आणि त्यात एकच देव पाहिला. कुणी परिषद भरवली नाही, ठराव केला नाही. बारशाला झालं ते.

आचेबेंचा बाप्तिस्मा अल्बर्ट चिनुआलुमोगू या नावानं झाला होता. अल्बर्ट हे राणी व्हिक्टोरियाच्या नवऱ्याचं नाव. विद्यापीठात गेल्यावर त्यांनी ते सोडून दिलं, इग्बो नाव ठेवलं. सिप्रियन मायकेल इवेने तान्सी यांच्या इग्बो नावाचा अर्थ तर असा, की माणसांचा द्वेष मला न मारो. हे अग्युलेरीचे इग्बो कॅथलिक धर्मगुरू, पुढे इंग्लंडच्या लेस्टरशायरमधल्या मठात संन्यासी म्हणून राहिले, १९६४ मध्ये तिकडेच वारले. २२ मार्च १९९८ ला पोप जॉन पॉल दुसरे यांनी ओनित्शाजवळ येऊन त्यांना 'धन्य' घोषित केलं. १८५७ ची ती बोट लागली त्याच परिसरात.

आणि १९९६ पासून ओवेरीच्या कॅथलिक धर्मप्रांतानं 'ओदेनिग्बो' नावाची वार्षिक व्याख्यानमाला सुरू केली. विषय कोणताही असो, भाषा इग्बो. १९९९ मध्ये तिथे आचेबे बोलले, आणि चर्चच्याच व्यासपीठावरून त्यांनी डेनिसच्या त्या जोडकामाच्या भाषेवर सडकून टीका केली. आणि चर्चनं ती ऐकून घेतली. १८९० मध्ये एका म्हाताऱ्या आफ्रिकी बिशपला गप्प करणाऱ्या काळापासून हे अंतर किती लांब, विचार करा.

आपल्याला ही ओढ अनोळखी नाही. गोव्यात १६१६ मध्ये फादर स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण' छापलं गेलं ते मराठी ओवीत. रेव्हरंड टिळकांनी येशूला हाक मारली ती अभंगातून. देव कळायचा तर घरात बोलतो त्या भाषेत कळायला हवा, हे कोलाच्या फळाला जितकं पक्कं ठाऊक, तितकंच ओवीलाही.

म्हणीचं नवं शेपूट

तर मंडळी, सुरुवातीचा प्रश्न. आजीच्या म्हणींचं काय करायचं?

मला या इतिहासात जे दिसतं ते असं. इग्बो माणसांकडे दोन आरसे झाले. नव्या धर्मानं त्यांना त्यांचीच म्हण नीट वाचायला लावली. फांदी सगळ्यांची म्हणता, मग ओसूची का नाही? जुळ्यांची का नाही? आणि म्हणीनं चर्चलाही तेच विचारलं. सगळे देवाची लेकरं म्हणता, मग क्राउथरची खुर्ची कुठे गेली? आमची भाषा कुठे गेली? दोन्ही आरशांत बघायची तयारी होती तेव्हा माणसं वाढली. एकच आरसा धरला, किंवा दोन्ही पालथे घातले, तेव्हा क्लारासारखी माणसं चिरडली गेली.

काम अजून संपलेलं नाही. ओसूच्या लग्नाचा प्रश्न आहेच. परंपरेनं कोला फोडण्याचा मान बाईला नाही, तोही प्रश्न उभा आहे. घरोघरी वाद चालू आहेत.

पण जाता जाता एक सुंदर बातमी. त्या म्हणीचं शेपूट आठवतंय? जो दुसऱ्याला बसू नको म्हणेल, त्याचा पंख मोडो. प्रार्थनेत शाप कसा द्यायचा, असं काही लोकांना वाटू लागलं. म्हणून आज अनेक ठिकाणी शेवट बदलून म्हणतात. घारही बसो, गरुडही बसो. आणि जो दुसऱ्याला 'इथे बसू नकोस' म्हणेल, त्यानं मग त्याला कुठे बसायचं ते दाखवावं.

विचार करा, हा शेवट शापापेक्षा सोपा आहे का? मला तर अवघड वाटतो. पंख मोडला की प्रकरण मिटलं. पण जागा दाखवायची म्हणजे उठावं लागतं, सरकावं लागतं, आपली फांदी थोडी कमी करून घ्यावी लागते.

आज रात्री जेवताना घरच्या मोठ्यांना एक म्हण विचारा, जी ते नेहमी वापरतात. आणि मग हळूच विचारा, ही म्हण आपण कुणाकुणाला लागू करत नाही? उत्तर मिळालं तर आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत, थोडं सरकून बसा!